विनोदाला सोवळे असावे काय?

पवित्र मानलेल्या गोष्टींची थट्टा झाली की श्रद्धावंताच्या मनाला ठेच लागते. ही ठेच खरी असते, आणि ‘तुम्हांला विनोद कळत नाही’ एवढे म्हणून ती उडवून लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. परंतु ठेच लागली एवढ्यावरून समोरच्याने पाप केले असा निवाडाही देता येत नाही. वाटेत धोंडा कोणी मुद्दाम आणून टाकला होता, की तो तेथे पूर्वीपासूनच होता आणि आपणच मान वर करून चाललो होतो, हे आधी पाहावे लागते. नीतिशास्त्राचे काम येथून सुरू होते. हा विचार नुसत्या तत्त्वांच्या आधारे करण्यापेक्षा एखादी साहित्यकृती समोर ठेवून करावा, म्हणजे वाचकांनाही आमचे म्हणणे पारखून घेता येईल, या हेतूने आम्ही येथे एका विनोदवीराची पहिली कादंबरी निवडली आहे. तिचे नाव ‘पकून’. ती १९६३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. लेखक स्पाइक मिलिगन.

हे नाव मराठी वाचकांच्या फारसे कानावर नसेल. पण या माणसाचा जन्म आपल्याच भूमीतला आहे. १६ एप्रिल १९१८ रोजी मिलिगन अहमदनगरला जन्मले. (२०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे.) वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात नोकरीला. मुलाचे आरंभीचे शिक्षण पुण्याच्या लष्कर भागातील जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये आणि पुढचे रंगूनला धर्मबंधूंच्या शाळेत झाले. म्हणजे लहानपणीची त्यांची प्रार्थना, धर्मशिक्षण आणि मिस्सा हे सारे कॅथलिक वळणाचे. पुढे कुटुंब इंग्लंडला गेले. दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९४४ च्या जानेवारीत इटलीत जखमी झाले आणि त्या धक्क्यातून त्यांचे मन पुरते सावरले असे म्हणता येत नाही. १९५१ ते १९६० या काळात बीबीसीच्या नभोवाणीवर गाजलेल्या ‘द गून शो’ या कार्यक्रमाचे बहुतेक लेखन त्यांचे. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम हे त्यांचे सोबती. आठवड्यामागून आठवडे देशाला हसवण्याचा हा भार एवढा होता की त्यांना मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल व्हावे लागले, आणि तो आजार पुढे जन्मभर उलटत राहिला. जन्म हिंदुस्थानात, वडील आयर्लंडचे, वास्तव्य इंग्लंडमध्ये. पारपत्राचा प्रश्न उभा राहिला तेव्हा ब्रिटिश राणीशी एकनिष्ठतेची शपथ घेण्याऐवजी त्यांनी आयरिश नागरिकत्व पत्करले. सीमारेषा माणसाचे काय करतात, हे ठाऊक असलेल्या लेखकाची ही कादंबरी आहे.

कथेचा काळ १९२४ चा. इतिहासात तेव्हा खरोखरच एक सीमा आयोग नेमला गेला होता. १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहाने आयर्लंडचे दोन भाग कायम झाले. त्यांमधील रेषा कोठून जावी हे या आयोगाने ठरवायचे होते. १९२५ साली त्याचा अहवाल फुटला, गदारोळ झाला, अहवाल दडपला गेला आणि रेषा होती तेथेच राहिली. मिलिगन यांच्या कादंबरीत मात्र आयोगाचे सदस्य दिवसभराच्या कामाने कंटाळलेले आहेत. मद्यालय बंद होण्यापूर्वी काम उरकायचे म्हणून ते घाईने नकाशावर पेन्सिल ओढतात, आणि पकून नावाच्या खेड्याचे दोन तुकडे होतात. चर्च एका राज्यात आणि दफनभूमीचा बराच भाग दुसऱ्या राज्यात. गावच्या मद्यालयाचा एक कोपरा सीमेपलीकडे जातो. तेथे दारू स्वस्त, म्हणून सगळे गिऱ्हाईक त्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे. आणि कोणी मेला तर त्याला चर्चमधून कबरीपर्यंत नेताना सीमेवर जकात अधिकारी पारपत्र मागतो, तेही छायाचित्रासहित. अखेरीस गावकरी आणि त्यांचे धर्मगुरू फादर रडन रात्रीच्या अंधारात परराज्यात गेलेले आपले मृत उकरून चर्चच्या बाजूला आणण्याचा घाट घालतात. त्याच वेळी क्रांतिकारक एका शवपेटीतून स्फोटके पळवत असतात. पुढे जो गोंधळ होतो तो सांगून वाचकांचा आनंद आम्ही हिरावून घेणार नाही. एवढेच सांगतो की कादंबरीचा आळशी नायक आपल्या काटकुळ्या पायांवरून खुद्द लेखकाशी भांडतो, आणि लेखक अखेरीस त्याला झाडावर लटकत ठेवून निघून जातो.

या पुस्तकात कोणाचीही गय केलेली नाही. पोलीस, सैनिक, क्रांतिकारक, इंग्रज, आयरिश, सारेच हास्यास्पद. आणि आमचे समव्यवसायी फादर रडन तर विशेषच. एका प्रसंगी हे धर्मगुरू प्रवचनात गरजतात आणि आकाशातून अग्नी उतरेल असे भक्तांना बजावतात. अग्नी काही उतरत नाही. उतरतो तो माळ्यावर बसवलेल्या चर्चच्या सेवकाचा आवाज: फादर, जरा थांबा, मांजराने काड्यापेटी ओली करून ठेवली आहे!

हा प्रसंग वाचून एखादा भाविक कॅथलिक पुस्तक मिटून ठेवील. धर्मगुरूची थट्टा, प्रवचनाची थट्टा, आणि वर पवित्र शास्त्रातील चमत्काराची थट्टा! परंतु थोडे थांबून पवित्र शास्त्र उघडावे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात कर्मेल डोंगरावर एलिया संदेष्टा बआल देवाच्या पुजाऱ्यांना आव्हान देतो. त्यांचा अग्नी उतरत नाही तेव्हा तो त्यांची भर सभेत खिल्ली उडवतो: तुमचा देव झोपला असेल, गावाला गेला असेल, जरा मोठ्याने हाका मारा. त्यानंतर स्वतःच्या वेदीवर तो घागरीमागून घागरी पाणी ओतवतो आणि मगच प्रार्थना करतो. एलियाचा अग्नी भिजलेल्या लाकडावर उतरला. फादर रडनचा अग्नी भिजलेल्या काडीपाशी अडला. मिलिगन यांनी हे साम्य जाणून साधले की नाही हे सांगणे आमचे काम नव्हे; पण हसू कोणावर आहे, ते यावरून उघड होते. ते एलियाच्या परमेश्वरावर नाही. माळ्यावर माणूस बसवून परमेश्वराचे काम स्वतःच उरकू पाहणाऱ्या पुरोहितावर आहे. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडावा काय असे विचारतात, तेव्हा प्रभू त्यांनाच धमकावतो. अग्नीची धमकी देण्याची हौस शिष्यांना पहिल्यापासून होती, आणि ती प्रभूला पसंत नव्हती.

दफनभूमीच्या विनोदाबाबतही असेच म्हणता येईल. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांमध्ये गणले आहे. तोबीतच्या पुस्तकात तर तोबीत राजाची मनाई मोडून, जीव धोक्यात घालून, आपल्या बांधवांची प्रेते चोरून पुरतो. पकूनचे गावकरी रात्री फावडी घेऊन निघतात तेव्हा ते विदूषकासारखे वागतात हे खरे; पण ते निघतात कशासाठी? आपले मृत आपल्या चर्चच्या छायेत असावेत, जिवंत आणि मृत मिळून एकच मंडळी असते, या विश्वासापोटी. संतांचा समागम ही श्रद्धा या विनोदाच्या मुळाशी नसती तर विनोद उभाच राहिला नसता. ज्या गावाला आपल्या मृतांचे काही वाटत नाही, तेथे दफनभूमी कोणत्याही राज्यात गेली तरी कोणाला सुखदुःख नसते. येथे हास्याचा विषय झाली आहे ती नकाशावरची रेषा. १९४७ साली पूर्वी कधीही हिंदुस्थानात न आलेल्या सिरिल रॅडक्लिफ यांनी काही आठवड्यांत आखलेली रेषा ज्या देशाने भोगली, त्या देशातील वाचकाला हा विनोद समजावून सांगण्याची गरज पडू नये.

येथवर आम्ही पुस्तकाची वकिली केली. आता न्यायासनाकडे वळू. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना थट्टेविषयी दोन टोकांची वचने आमच्यापुढे येत असत. अ‍ॅरिस्टॉटल याने ‘युट्रापेलिया’, म्हणजे प्रसन्न विनोदबुद्धी, हा सद्गुण मानला. एका बाजूला विदूषकी चाळा आणि दुसऱ्या बाजूला अरसिक आडमुठेपणा, यांमधील तो सुवर्णमध्य. संत पौलाने मात्र इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात नेमका हाच ग्रीक शब्द अमंगळ बोलण्याच्या शेजारी बसवला आणि ख्रिस्ती माणसाच्या तोंडी त्याऐवजी उपकारस्तुती असावी असे सांगितले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दोहोंचा मेळ घातला. त्यांचे म्हणणे असे, की शरीराप्रमाणे आत्माही थकतो आणि त्याची विश्रांती आनंदात असते. त्यासाठी ते संत योहानाची जुनी कथा सांगतात. प्रेषित योहान शिष्यांसह मनोविनोद करताना पाहून काहीजण नाराज झाले. तेव्हा त्याने एका धनुर्धराला विचारले, की तू सारखा धनुष्य ओढत राहिलास तर काय होईल? तो म्हणाला, मोडेल. अक्वायनस पुढे हेही सांगतात, की स्वतः कधीही न हसणारा आणि दुसऱ्याच्या निर्मळ हसण्यात विरजण घालणारा माणूसही दोषी असतो. हे वाक्य आमच्या धर्मग्रामांतील काही सभांच्या आरंभी वाचायला हरकत नाही.

परंतु अक्वायनस तेथेच थांबत नाहीत. उपहास या पापाचा विचार त्यांनी वेगळा केला आहे आणि त्यातील एक सूत्र आम्हांला या प्रश्नाची किल्ली वाटते. ते म्हणतात, उपहास नेहमी कोणत्या तरी दोषाचा किंवा अनिष्टाचा होतो. आणि मोठे अनिष्ट माणूस हसण्यावारी नेत नाही. ज्याला आपण हसतो ते आपल्या लेखी क्षुल्लक असते. अनिष्ट खरोखरच क्षुल्लक असेल तर ती थट्टा फार तर लहान दोष. पण ज्याचे दुःख मोठे आहे त्याच्या दुःखाला आपण हसलो, तर त्याचा अर्थ असा, की त्या माणसालाच आपण क्षुल्लक ठरवले. उपहासाचे पाप तेथे गंभीर होते.

हे सूत्र हाती घेतले की आमचा निर्णय अनेकांना उलटा वाटेल. फादर रडनची थट्टा सोसायला काय हरकत आहे? धर्मगुरूचा अहंकार ही हसण्याजोगीच गोष्ट आहे. ती हसून बरी होत असेल तर औषध स्वस्त पडले. धर्मगुरूच्या मागे संस्था असते, व्यासपीठ असते, मान असतो. चार विनोदांनी त्याचे काही बिघडत नाही. मिलिगन यांच्या लेखनात आम्हांला सलते ते निराळेच आहे. १९६९ साली ‘करी अँड चिप्स’ या दूरदर्शन मालिकेत त्यांनी तोंडाला काळसर रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी असा कामगार उभा केला. मालिका जॉनी स्पाइट यांनी लिहिली होती. सहा भागांनंतर ती थांबवण्यात आली. वंशद्वेष्ट्यांनाच उघडे पाडणे हा तिचा हेतू होता, असे समर्थन तेव्हा केले गेले, आणि तो हेतू खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण काळ कोणता? आदल्याच वर्षी इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या भाषणाने वातावरण पेटले होते. कारखान्यात आणि रस्त्यावर ज्यांचा रोज अपमान होत होता, त्यांच्या बोलण्याची आणि रंगाची नक्कल घराघरांत हसण्याचा विषय झाली. नगरला जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या माणसाने ती करावी, याचे दुःख अधिक. ‘पकून’मध्येही एक चिनी पोलीस आहे आणि त्याच्या वाट्याला आलेले विनोद याच जातीचे आहेत. तो फादर रडनसारखा आपल्या वागण्यामुळे हास्यास्पद होत नाही. तो चिनी आहे एवढेच हसण्याला पुरेसे मानले आहे. आमच्या मते या पुस्तकातील खरा अनादर त्या पानांवर आहे. चर्चच्या पानांवर नाही.

वाचक विचारतील, की चर्चविषयी इतके औदार्य कशासाठी? त्याचे उत्तर आयर्लंडच्याच इतिहासात आहे, आणि धर्मगुरू या नात्याने ते लिहिणे आम्हांला सोपे नाही. ज्या दशकात ‘पकून’ प्रसिद्ध झाली त्याच दशकात आयर्लंडच्या सेन्सॉर मंडळाने एड्ना ओब्रायन यांच्या पहिल्या कादंबरीवर बंदी घातली. १९६५ साली जॉन मॅकगहर्न यांच्या ‘द डार्क’ या कादंबरीवर बंदी आली आणि पाठोपाठ त्यांची शिक्षकाची नोकरीही गेली. समाजाची श्रद्धा आणि नीती सुरक्षित राहावी हा हेतू सांगितला जात होता. २० मे २००९ रोजी रायन आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा जगाला कळले, की त्याच काळात धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांमध्ये हजारो मुलांनी मार, उपासमार आणि लैंगिक अत्याचार सोसले होते. त्याच वर्षी आलेल्या मर्फी अहवालाने डब्लिनच्या धर्मप्रांतात अशा तक्रारी कशा दडपल्या गेल्या ते दाखवले. आणि त्याच २००९ साली, जुलै महिन्यात, आयर्लंडच्या संसदेने ईश्वरनिंदेसाठी २५,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद असलेला कायदा संमत केला! ईश्वरनिंदेचा उल्लेख राज्यघटनेतून वगळण्यासाठी पुढे २०१८ साली जनमत घ्यावे लागले.

या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मन विषण्ण होते. धर्मगुरूला हसण्याचे ज्या समाजाला धाडस नव्हते, त्या समाजाला धर्मगुरूविषयी तक्रार करण्याचेही धाडस झाले नाही. एका विनोदी पुस्तकाने ती मुले वाचली असती असा दावा आम्ही करत नाही. पण झग्याला हसता येते, हे मुलाने कधी पाहिलेच नसेल, तर त्या झग्याविरुद्ध बोलण्यासाठी त्याने तोंड कसे उघडावे? आणि ईश्वरनिंदा म्हणजे काय, हे प्रभूच्या दुःखसहनात स्पष्ट दिसते. शिपायांनी त्याला जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट घातला, हाती वेत दिला आणि गुडघे टेकून हसले. सशस्त्रांनी बांधलेल्या माणसाला हसणे, हे ते हसू. लहानातल्या लहानाला जे कराल ते मला केल्यासारखे आहे, असे प्रभूने सांगितल्यावर, त्या संस्थांतील मुलांना ज्यांनी हिणवले त्यांनी कोणाला हिणवले, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. साध्या भाविकाचे काय? ज्या म्हाताऱ्या बाईला रोझरीखेरीज दुसरा आधार नाही, तिच्या रोझरीची थट्टा झाली तर तिला आम्ही अक्वायनसचे सूत्र ऐकवावे काय? नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना दुर्बळ बंधूच्या विवेकाला जपण्यास सांगितले आहे, आणि ते विनोदकारालाही लागू पडते. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरच्या शंभरावर विनोदकारांची भेट घेतली. आपण आपल्या प्रियजनांची थट्टा करतो तशी देवाचीही करता येते, ती ईश्वरनिंदा होत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र श्रद्धावंतांच्या, विशेषतः गोरगरिबांच्या, धर्मभावना दुखवू नका असेही बजावले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते प्रभूघरी गेले. त्यांच्या बोलण्यातील ‘प्रियजन’ आणि ‘गोरगरीब’ हे दोन शब्द आम्हांला मोलाचे वाटतात. जवळीक असलेला माणूस देवाशी भांडतो आणि देवाला हसतोही. ईयोबाने तेच केले. आपल्या तमाशाच्या गौळणीत मावशी कृष्णाची फिरकी घेते आणि प्रेक्षकांतले माळकरीही हसतात. सारा म्हातारपणी मुलाचे वचन ऐकून तंबूत हसली. परमेश्वराने तिला विचारले जरूर, पण वचन मागे घेतले नाही, आणि मुलाचे नाव इसहाक पडले. त्या नावाचा अर्थच ‘तो हसतो’ असा आहे.

म्हणून आमच्या तरुण वाचकांनी असे पुस्तक वाचावे का, असे कोणी विचारले तर आम्ही ‘वाचावे’ असे म्हणू. वाचताना प्रत्येक हशाला एक प्रश्न मात्र विचारावा: येथे खाली कोण पडले? गर्विष्ठ पडला असेल तर मोकळेपणाने हसावे, तो गर्विष्ठ आपलाच धर्मगुरू असला तरी. आधीच पडलेला माणूस पुन्हा पाडला गेला असेल, तर हसू आवरावे, मग तेथे देवाधर्माचे नावही का नसेना.

मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी वारले. इंग्लंडमधील विंचेल्सी गावी, सेंट थॉमस या अँग्लिकन चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. शवपेटीवर आयर्लंडचा ध्वज होता. मी आजारी असल्याचे तुम्हांला सांगितले होते ना, अशा अर्थाचे वाक्य आपल्या कबरीवर असावे अशी त्यांची इच्छा होती. तेथील धर्मप्रांताला ते पवित्र भूमीत शोभणारे वाटले नाही. अखेर तडजोड झाली आणि २००४ साली ते वाक्य आयरिश भाषेत, म्हणजे त्या गावात फारसे कोणाला वाचता येणार नाही अशा भाषेत, दगडावर कोरले गेले. पकूनच्या दफनभूमीतून गेलेली रेषा शेवटी लेखकाच्या कबरीवरूनही गेली.

आमच्याकडे असा अर्ज आला असता तर ते वाक्य वाचता येईल अशा भाषेत कोरण्याची परवानगी आम्ही दिली असती. त्यात पवित्र भूमीचा अवमान आम्हांला दिसत नाही. पन्नास वर्षे मनाच्या आजाराशी झुंजणाऱ्या आणि आपण आजारी आहोत हे खरोखरच वारंवार सांगणाऱ्या माणसाची ती तक्रार आहे. ऐकणाऱ्यांना तो विनोद वाटला आणि लोक हसले. रुग्णाचे म्हणणे ऐकणे हे धर्मगुरूचे काम आहे. त्याने ते हसत सांगितले म्हणून ऐकू आले नाही, ही सबब आम्हांला चालायची नाही.